जळकोटच्या विहिरीवर बेंबळीची रीत

माझी धाकटी बहीण काशी जळकोटला दिली आहे. तिच्या पायाला लागोपाठ तिसऱ्या साली नारू झाला, असं पत्र तिच्या सासरहून वैशाखात बेंबळीला आलं. पत्रात दोन गोष्टी होत्या. येत्या मंगळवारी विहिरीवर साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची, ओटी भरायची आहे, तरी माहेरच्या थोरल्या बहिणीनं हिरवा खण आणि नारळ घेऊन यावं, ही पहिली. दुसरी अशी, की ओटी झाली नाही, किंवा होऊनही पुढल्या साली नारू दिसला, तर काशीला माहेरी घेऊन जावं. किती दिवसांसाठी, ते लिहिलं नव्हतं. घरात कुणी विचारलंही नाही.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. तो हातभर लांब असतो. तो ओढायचा नसतो, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा असतो. महिना महिना माणूस अंथरुणावर. आमच्या बेंबळीतही होतो, पण एका माणसाला तीन वर्षं लागोपाठ झालेला मी ऐकला नव्हता.

मला घरून आठ दिवसांची परवानगी मिळाली. बरोबर दादा आले. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू, बेंबळीच्या शाळेत मास्तर. त्यांचं उर्दू चांगलं, सोलापूरहून येणारी वर्तमानपत्रं वाचतात, आणि देवधर्माचं काही निघालं की त्यांचा आवाज चढतो. मी चौथीपर्यंत शिकले, तीही सोलापूरला मामांकडे राहून. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. त्यामुळे आमचं दोघांचं प्रवासात बरं जमतं. ते बोलतात, मी ऐकते.

तुळजापूर

पहिला दिवस बैलगाडीत गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी तुळजापूरला पोचलो. मी आईचं दर्शन घेऊन आले. दादा आत आले नाहीत, बाहेर गाठोडं राखत बसले. मी प्रसादाचे पेढे दिले ते मात्र त्यांनी खाल्ले. साखर मिळत नाही अशा दिवसांत पेढ्याशी भांडण कशाला, असं म्हणाले.

नळदुर्गपर्यंत मोटार

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार मिळाली. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशाच्या धुरावर चालत होती. मागं लोखंडी पिंप बसवलेलं, त्यात कोळसा पेटवून पंख्यानं वारा घालायचा, मग तासाभरानं मोटारीला दम येतो. आमच्याकडं लोहार भाता मारतो तसंच सगळं. चालवणारे मदारभाई म्हणून होते, दाढी मेंदीनं रंगवलेली. पंखाही तेच फिरवत होते. मोटारीच्या पुढच्या काचेला लिंबू-मिरची टांगली होती आणि आत ताविज बांधला होता.

दादांनी ते पाहिलं आणि मला कळलं की आता सुरू होणार.

"मदारभाई," ते म्हणाले, "मोटार नक्की कशावर चालते? कोळशावर का ताविजावर?"

"चलती कोयले पे, मास्तर," मदारभाई म्हणाले. "रुकती ताविज पे. बिरेक का भरोसा नहीं."

मोटारीतली सगळी माणसं हसली. दादा पुढं बराच वेळ वाफ, हवा आणि यंत्र याबद्दल बोलत होते आणि मदारभाई "बराबर, बराबर" म्हणत होते. उतार आला तेव्हा मदारभाईंचा एक हात ताविजाकडं गेला. दादांनीही पुढच्या बाकाचा दांडा धरला.

नळदुर्गला पोचलो आणि मोटारीचा पंखा मोडला. दुरुस्ती उद्या सकाळपर्यंत होईल, असं समजलं. बोरी नदीला पाणी कमी होतं, किल्ल्याच्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पाहायला मिळालं नाही. नुसती काळी भिंत पाहिली. तीही मोठी वाटली. दादा म्हणाले, एवढी अक्कल ज्यांना पाण्याबद्दल होती त्यांचे वंशज आता नारू होतो म्हणून दगडाला शेंदूर लावतात. मग त्यांना सुचलं की इथं दवाखाना आहे, काशीसाठी औषध विचारावं.

डाक्टरसाहेब वयस्क मुसलमान गृहस्थ होते. दवाखान्यामागंच त्यांचं घर. दादा बाहेरच्या खोलीत बसले आणि मला आत बायकांत पाठवलं. मधे फक्त पडदा होता, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"औषध न्हाई, मास्तर," डाक्टरसाहेब म्हणाले. "असतं तर पयलं माझ्या पायाला लावलं असतं. हे बघा." त्यांनी पायजमा वर केला असावा, कारण दादांची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. "लहानपणी दोनदा झाला. काडीवर गुंडाळायचा, रोज थोडा. ओढला की तुटतो, तुटला की पाय सडतो. एकच करा. पाय पाण्यात घालू देऊ नका."

"का?"

"पाण्यात पाय गेला की नारू तिथं पिलं सोडतो. लई बारीक. ती पिलं पाण्यातल्या किड्यांच्या पोटात जातात, ते पाणी माणसं पितात, आन् पुढल्या साली पुन्हा फोड. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरतो, म्हणून तिथं नारू. आडाचं पाणी वरून शेंदतात, तिथं न्हाई."

"एवढं शास्त्राला ठाऊक आहे आणि औषध ठाऊक नाही?"

"शास्त्र म्हणतं कुठून येतो. काढायचा कसा, ते आपल्या म्हाताऱ्यांना शास्त्राच्या आधीपासून येतं."

दादांना हे उत्तर आवडलं नसावं. तेवढ्यात डाक्टरसाहेब नमाजासाठी उठले. दादांनी विचारलं, नमाजानं किडा मरतो का. त्यांच्या विचारण्यात थट्टा होती, पण डाक्टरसाहेब रागावले नाहीत.

"नमाजानं किडा मरत न्हाई, मास्तर. पण नमाजाआधी हातपाय धुवायचे, त्या वजूला पाणी लागतं दिवसातनं पाचदा. मी गाळून घेतो. पाचदा बांग होती, पाचदा गाळायची आठवण होती. शास्त्राची बांग कोण देतो?"

आत त्यांच्या बीबी होत्या. घरातलं शिजवलेलं मी खाणार नाही हे त्यांनी न विचारताच ओळखलं आणि शेंगा आणि गूळ पुढं ठेवला. मी पाणी मागितलं नाही, पण माझी नजर माठाकडं गेली. माठाच्या तोंडाला जाड दुहेरी कापड बांधलं होतं आणि त्याच्या एका कोपऱ्यावर लाल दोरा शिवला होता.

"लाल डोरा हमेशा उप्पर, बहेन," त्या म्हणाल्या. "उलटा बांधे तो जो रोके सो सब मटके में."

म्हणजे कापड एकदा वापरलं की किडे वरच्या अंगाला अडकतात. तेच कापड उलटं बांधलं तर ते सगळे माठात पडतात. आम्हीही बेंबळीत कधी कधी पाणी गाळतो, पण कुठली बाजू वर, हे कधी पाहिलं नव्हतं. मी कापडाला हात लावून पाहिला. माझ्या गाठोड्यातला खण त्याच्यासारखाच जाड होता, हे मनात आलं. तेव्हा त्याच्यापुढं काही सुचलं नाही.

जळकोट

तिसऱ्या दिवशी जळकोटला उतरलो. सोमवार होता. काशी सोप्यात बाजेवर होती, डावा पाय उशीवर. पोटरीला धोत्र्याचं पान बांधलेलं, त्याखाली केरसुणीच्या हिराची काडी, आणि काडीला गुंडाळलेला वीतभर नारू. पायाच्या मानानं तिचं तोंड फार बारीक दिसत होतं.

काशीच्या सासू तुळसाबाई. नवरा लवकर गेलेला, सगळी शेती त्यांच्या हुकुमानं चालते. काशीचे मालकही त्यांच्यापुढं मान वर करत नाहीत. मला त्यांची भीती वाटत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नारू काढताना पाहिलं. आधी कोमट तेल लावलं, मग दोन बोटांत काडी धरून अर्धा फेरा फिरवला, काशीच्या तोंडाकडं पाहिलं, थांबल्या, पुन्हा जरासा फिरवला. एवढा हलका हात मी कुणा सुइणीचाही पाहिला नाही. तीन वर्षं त्याच काढत होत्या.

पण ते मंगळवार सकाळचं. भांडण सोमवारी संध्याकाळीच झालं.

जेवायला हुग्गी होती. आमच्याकडं गव्हाची खीर म्हणतात ती, इथं कानडी मुलूख जवळ म्हणून हुग्गी म्हणतात आणि घट्ट करतात. ती वाढताना तुळसाबाईंनी उद्याचं सांगितलं. काशीनं विहिरीत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, मी ओटी भरायची, खण पाण्यात सोडायचा.

"पाण्यात नाही," दादा म्हणाले.

"काय म्हणला, पाव्हणं?"

दादांनी मग सगळं सांगितलं. पिलं, किडे, पाणी. शाळेत सांगतात तसं, एक एक करून. बरोबरच सांगितलं. पण शेवटी म्हणाले, हा सगळा अडाणीपणा आहे, याच अडाणीपणानं गावाला नारू होतो.

तुळसाबाईंनी हुग्गीचं पातेलं खाली ठेवलं. "किडा दावा मला."

दादांनी लोटाभर पाणी घेतलं, अंगणात नेलं, मावळतीच्या उजेडात धरलं. त्यात काही हलत होतं.

"ती धूळ हाय," तुळसाबाई म्हणाल्या.

"एवढ्यानं दिसत नाही. बारीक दाखवणारी दुर्बीण लागते."

"म्हंजी डोळ्याला दिसत न्हाई, पन हाय म्हणायचं. मग तुमचा किडा आमच्या देवासारखाच झाला की."

"देव दुर्बीण लावूनही दिसत नाही, विहीणबाई."

"त्येला भक्ती लागती. तुमाला दुर्बीण लागती. तुमच्याकडं दुर्बीण हाय का?"

दादांकडं दुर्बीण नव्हती.

"मग गप जेवा," त्या म्हणाल्या. आणि पुढं सावकाश म्हणाल्या, "उद्या ओटी झाली न्हाई, तर सांजच्याला काशीचं गाठोडं बांधून ठिवते. मला गावात ऱ्हायचं हाय, पाव्हणं. हिच्या पायामुळं आसरा कोपल्या, विहिरीवर नारू वाढला, आसं शेजारणी म्हणत्यात. मी काय सांगू त्यास्नी, धूळ हाय म्हणून?"

काशीनं जेवण टाकलं. दादांनीही. मी जेवले, कारण उष्टं टाकायचं धैर्य मला नव्हतं.

अंधार पडायच्या आधी काशीच्या बाजेजवळ बसले. तिला विचारलं, गेल्या दोन सालीही पाण्यात उभी राहिली होतीस का.

"व्हय, आक्का. दोन्ही साली. पाण्यात पाय घातला की आग कमी होती. लई बरं वाटतं. आत्याबाई न्हाई म्हणल्या तरी मी धुणं धुताना घालती."

मग मला डाक्टरसाहेबांचं सगळं बोलणं पुन्हा ऐकू आलं. काशी दर साली तिथंच नारू सोडत होती आणि दर साली तिथलंच पाणी पीत होती. उद्या पाण्यात उतरली तर पुढल्या साली पुन्हा नारू आणि तिची पाठवणी. उतरली नाही तर पाठवणी उद्याच. दादांना सांगितलं तर ते पुन्हा शास्त्र सांगतील, एवढंच मला कळत होतं.

मंगळवार, विहीर

विहीर गावाच्या खालच्या अंगाला आहे. चौकोनी, काळ्या दगडाची, पायऱ्या पाण्यापर्यंत. वैशाखामुळं पाणी खोल गेलेलं. आतल्या कोनाड्यात सात दगड, शेंदूर लावलेले. आमच्या बेंबळीतही साती आसरा आहेत, त्या ओढ्याकाठी उघड्यावर आहेत. इथल्यांना छप्पर आहे.

दहा-बारा बायका जमल्या होत्या. पुरुष वर थांबले. दादा कठड्याला टेकून दुसरीकडं पाहत होते. मी ताट घेऊन पायऱ्या उतरले आणि पाण्याच्या जरा वर थांबले. काशी सासूच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या पुढं गेली आणि दोन पायऱ्या खाली तिनं पाय पाण्याकडं नेला.

मी म्हणाले, "आमच्याकडं असं करत न्हाईत."

माझा आवाज विहिरीत फिरून मोठा झाला. सगळ्यांनी वर पाहिलं. बोलून झालं होतं, आता पुढं काहीतरी बोलणं भागच होतं.

"आसराच्या पाण्यात फुटका पाय घालत न्हाईत," मी म्हणाले. "विटाळ होतो. बेंबळीत घागर भरून वर आणतात. पाय वरच धुतात. ते पाणी लांब मातीत जाऊ देतात. पाण्याकडं उलटं येऊ देत न्हाईत."

"आन् खण?" कुणीतरी विचारलं.

"खण सोडत न्हाईत. खणाच्या एका बाजूला कुंकू लावून घागरीच्या तोंडाला बांधतात. कुंकवाची बाजू वर. त्या घरात वर्षभर सगळं पाणी त्यातनंच ओतायचं. खण धुवायचा तो घरी, विहिरीत न्हाई. कुंकू पुसट झालं की पुन्हा लावायचं, त्याच बाजूला. कुंकू खाली गेलं तर ओटी फुकट."

हे सगळं मी कसं बोलले ते मला सांगता येणार नाही.

तुळसाबाई माझ्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. "पाव्हणं. हाय का अशी रीत तुमच्याकडं?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नाही. शाळेत तपासनीस आले तरी मुलं किती गैरहजर ते खरं सांगतात. एका बाईनं दुसरीच्या कानात काही सांगितलं.

"व्हय," दादा म्हणाले. "अशीच रीत हाय."

ते एरवी हाय म्हणत नाहीत, आहे म्हणतात.

तुळसाबाईंनी काशीला वर घेतलं. घागर वर आली. काशीचा पाय बांधावर, पाण्यापासून दूर, धुतला. मी ओटी भरली. एका म्हातारीनं पुटपुटत का होईना, बेंबळीच्या आसरा कडक दिसतात, असं म्हटलं. घरी आल्यावर खण घागरीला बांधला. पाणी फार सावकाश उतरू लागलं.

"मुंगी चालल्यागत पडतंय," तुळसाबाई म्हणाल्या. पण ओतत राहिल्या.

दुपारी गोठ्यामागं दादांनी मला गाठलं.

"अनसू, तू काय केलंस ते तुला कळतंय का? शास्त्राची गोष्ट होती. तू तिला शेंदूर फासलास."

"पाय पाण्यात गेला न्हाई, दादा."

"आज गेला नाही. पण त्यांना कळलं काय? काहीच नाही. उद्या कुणी आणखी एक रीत सांगितली की त्या ती करतील."

मी म्हणाले, "तुम्ही व्हय म्हणालात."

ते निघून गेले. नंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पण सांजेला घागरीजवळून जाताना ते थांबले, कुंकवाची बाजू वर आहे का ते पाहिलं, आणि पुढं गेले.

निघताना

बुधवारी सकाळी गाडी जुंपली. आदल्या सांजेला तुळसाबाईंनी काशीच्या मालकांना सर्वांसमोर सांगितलं होतं, की ओटी झाली, आता काशी इथंच राहील, पेरणीला ती नसली तरी भागवू. काशी रडली. मी रडले नाही, कारण पुढल्या सालचं काय ते कुणालाच ठाऊक नाही. डाक्टरसाहेब म्हणाले होते की आज प्यालेलं पाणी वर्षभरानं कळतं.

दादा आधीच गाडीत जाऊन बसले होते. तुळसाबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या. माझ्या ओटीत तांदूळ घालताना हळू आवाजात म्हणाल्या,

"माझी मावशी बेंबळीत दिली हुती. तुमाला ठाव नसंल, तुमच्या आधीची. ल्हानपनी दोन सालं म्या तिथंच काढली."

माझे हात ओटीतच राहिले.

"ओढ्याकाठच्या आसरांना म्या सोता खण टाकलाय. पाण्यात. मावशीच्या पायाला नारू हुता, ती बी पाण्यात उभी ऱ्हायली हुती."

माफी मागावी असं वाटलं, पण कशाची मागायची ते सुचेना.

"तुमच्या दादानं मला चुलीपुढं अडाणी म्हणलं," त्या म्हणाल्या. "तुमी समद्या बायकांपुढं माझ्या देवाला सोवळं केलं. त्यात मला गावाला सांगाय काहीतरी गावलं. किडा खरा का खोटा, ते मला कळत न्हाई. पन हिला घालवायची मला हौस न्हवती."

मग त्यांनी ओटीतला नारळ नीट बसवला, पदर माझ्या खांद्यावर सारखा केला, आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"पुढल्या वैशाखाला नवा खण घिऊन तुमीच या. रीत तुमची हाय, आमचं चुकलं तर सांगाय दुसरं कोण हाय?"